तिसऱ्या रांगेतली खुर्ची

"नाव?" पावतीपुस्तकातून मान वर न करता मनालीने विचारले.

"देवेश पाताडे."

पेन कागदावर टेकले होते, ते टेकूनच राहिले. शाईचा ठिपका उमटला आणि हळूहळू पसरू लागला. मुंबईत या नावाची माणसे शंभर तरी असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कोकणातल्या घरांत हे नाव काही दुर्मीळ नव्हे. पण संस्थेचे नाव विचारल्यावर त्याने घाटकोपरच्या एका लससाठवण केंद्राचे नाव सांगितले, आणि ती समजूत जागच्या जागी विरली.

तोच हा. दोन आठवड्यांपूर्वी तिने ज्याला पत्र लिहिले होते... किंवा तिच्या नावाने ज्याला पत्र लिहिले गेले होते, तो.

मनालीच्या डाव्या हाताने, जणू तिला न विचारताच, गळ्यातले ओळखपत्र पालथे केले.

"बारा डिजिटल थर्मामीटर आहेत," तो म्हणाला. झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे तसा त्याने हातातला पुठ्ठ्याचा खोका टेबलावर अलगद ठेवला. "लसींच्या फ्रीजमधले. आमचा ऑडिटर म्हणाला, या वेळी नुसते पाठवू नका, तपासणी समक्ष बघून या. म्हणजे तीन दिवस तुमच्या डोक्यावर बसणार मी. चालेल ना?"

"चालेल," मनाली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

बाहेर ऑक्टोबरचे ऊन मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्यांवर तापत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या या प्रयोगशाळेत मात्र वर्षभर एकच हवामान असे. वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर अशी मोजणारी साधने खरे मोजतात की नाही, हे इथे मोजले जाई; यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मनाली हिवराळे सहा वर्षे हेच काम करीत होती. पण इमारत आता पुनर्विकासाला गेली होती. मालक दत्ताराम मेस्त्री सत्तरीला आले होते, आणि नव्या जागेत पुन्हा मांडामांड करण्याचे त्राण आपल्यात नाही, असे त्यांनी सरळ सांगून टाकले होते. डिसेंबरअखेर शटर खाली येणार, आणि जानेवारीपासून मनालीला काम नसणार.

"तुला ओळखी करता येत नाहीत गं," वजनकाट्यांच्या टेबलावरची सुगंधा त्या वेळी म्हणाली होती. "सहा वर्षांत तू किती कस्टमरांशी कामाशिवाय बोललीस? एकाशी? तोपण वॉचमन होता! तुझ्यासारख्या मुक्यांसाठीच तर एआय काढलंय. आण फोन इकडे."

मग सुगंधाने व्यावसायिक ओळखींच्या साइटवर मनालीचे पान उघडले आणि पत्रे लिहून देणारे एक साधन त्याला जोडले. बंद पडणाऱ्या लॅबचे नाव दिले तर लोक कीव करतील, म्हणून तिथे 'मुंबई उपनगरातील नामांकित प्रयोगशाळा' असे आले. फोटोही त्याच साधनाने करून दिला. त्यात मनालीचा चष्मा गेला, अंगावर करडा कोट आला आणि वर्ण दोन छटांनी उजळला. तो फोटो पाहून तिचे वडील अंबादास यांनी भाबडेपणाने विचारले होते, "कोणाची मुलगी गं ही?"

चाळीस पत्रे एका दुपारी तयार झाली. प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक आकडा तीनदा वाचणाऱ्या मनालीने ही पत्रे न वाचताच पाठवली. स्वतःची स्तुती वाचण्याची तिला लाज वाटली होती. एकोणचाळीस जणांनी उत्तर दिले नाही. चाळिसाव्याने दिले, तेव्हा आपल्या नावाने त्याला काय गेले आहे हे तिने प्रथमच वाचले.

'जुलैमधील आपले कुर्ल्याचे व्याख्यान मी भारावून ऐकले. शीतसाखळी यंत्रांची नसते, माणसांची असते, हे आपले वाक्य त्या दिवसापासून माझी सोबत करीत आहे.'

मनाली जुलैत कुर्ल्याला गेली नव्हती. लसी थंड ठेवणाऱ्या साखळीवरचे असले कुठलेही व्याख्यान तिने ऐकले नव्हते. कार्यक्रमाची माहिती त्या साधनाने कुठून तरी उचलली होती आणि उरलेले रचले होते. तेव्हाच खरे सांगून टाकायला हवे होते. पण देवेशने इतके आपुलकीने लिहिले होते... 'तुमच्या पत्राने माझा तो दिवस मला परत मिळाला.' अशा माणसाला काय सांगायचे? तिने साधनाने पुढे केलेले दोन ओळींचे आभार पाठवून दिले आणि मग आठवडाभर तिला नीट जेवण गेले नाही.

आणि आता तो माणूस हातभर अंतरावर, स्टुलावर बसला होता.

*

थर्मामीटर तपासण्याचे काम मोठे निवांत असते. थंड द्रवाच्या टाकीत, म्हणजे बाथमध्ये, चार-चार थर्मामीटरच्या तारा सोडायच्या, शेजारी लॅबचा प्रमाण थर्मामीटर सोडायचा आणि वाट पाहायची. दोन अंशांवर अर्धा तास, पाच अंशांवर अर्धा तास, आठ अंशांवर अर्धा तास. द्रव स्थिर होईपर्यंत माणसांना बोलण्याखेरीज काही काम नसते. गेली सहा वर्षे मनालीने हे अर्धे तास मुकाट्याने काढले होते.

"थंडी वाजत नाही तुम्हाला इथे?" देवेशने हात चोळत विचारले. बाथच्या काठावरून गार वाफेसारखी हवा उतरत होती.

"सवय झाली."

"मी दिवसभर फ्रीजांमध्येच असतो, तरी मला सवय होत नाही. आई म्हणते, तू नोकरीला आहेस की आइस्क्रीम आहेस?"

मनालीला हसू फुटले. हसता हसता तिला भीतीची आठवण झाली आणि ते हसू अर्ध्यावर थांबले. त्याने ते पाहिले. तो पुष्कळ पाहत होता. तिचा चष्मा गार हवेने धुरकट होतो आणि ती तो ओढणीने नव्हे तर ॲप्रनच्या आतल्या बाजूने पुसते, हे तेवढ्यात त्याच्या ध्यानात आले असावे, कारण त्याने खिशातला धुतलेला रुमाल काढून न बोलता तिच्यापुढे धरला.

"नको... राहू दे."

"घ्या हो. कॅलिब्रेट केलेला आहे."

आतल्या टेबलावरून सुगंधाचा खोकला आला. तो खोकला नव्हता.

मेस्त्री आत-बाहेर करताना म्हणाले, "बाय, पावण्याक चाय विचारलंस काय नाय?" मेस्त्री सगळ्याच मुलींना बाय म्हणत, याबद्दल मनालीला आयुष्यात पहिल्यांदाच कृतज्ञता वाटली.

"बाय हे नाव नसणार," मेस्त्री गेल्यावर देवेश म्हणाला. "खरं नाव काय तुमचं?"

बाथमधला आकडा पाच पूर्णांक शून्यावर थरथरत होता. मनाली त्या आकड्याकडे पाहत राहिली.

"सर्टिफिकेटवर असतं," ती म्हणाली. "तपासणी करणाऱ्याचं नाव आणि सही. परवा मिळेल सर्टिफिकेट."

"म्हणजे नावासाठी तीन दिवस थांबायचं?" तो खुशीत हसला. ही थट्टा आहे असे त्याला वाटले होते. "थांबतो. स्थिर झाल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही, हाच नियम आहे ना तुमच्याकडे?"

तिने मान हलवली. थट्टा मुळीच नव्हती. परवा दुपारी त्या कागदावर छापील अक्षरांत 'मनाली हिवराळे' असे येणार होते, आणि त्या नावाची बाई कुर्ल्याच्या हॉलमध्ये नव्हती.

निघण्यापूर्वी तो खोका बंद करता करता आपणहून म्हणाला, "मला एक बाई पत्रं लिहितात. नेटवर. इतकं देखणं मराठी लिहितात की वाचताना कॉलर नीट करावीशी वाटते."

"मग?" मनालीने वहीत डोके घालून विचारले.

"मग काय... तुमच्याशी बोलताना तसं होत नाही. बरं वाटतं." आणि आपण काय बोलून गेलो हे कळताच तो लगबगीने जिना उतरला.

*

संध्याकाळी नाहूरच्या घरी मनाली भाजी निवडत होती, तेव्हा फोन वाजला. साइटवर देवेशचा निरोप होता.

'हिवराळे मॅडम, आमच्याकडे कॅलिब्रेशनची एक जागा निघते आहे. तुमचं नाव पुढे करावं असं मनात आहे. त्याआधी सहज एक विचारतो. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही कुठे बसला होता?'

तिने तो निरोप तीन वेळा वाचला. निरोपाखाली त्या साधनाने करड्या अक्षरांत उत्तर तयार ठेवलेच होते. 'मी तिसऱ्या रांगेत, उजवीकडे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते. बाहेर पाऊस होता, पण आपल्या शब्दांमुळे तो जाणवलाही नाही.'

मनालीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. रांग, खिडकी, पाऊस... जिथे ती कधी गेली नाही त्या जागेत तिच्यासाठी खुर्ची मांडून झाली होती. खोटे बोलताना माणूस निदान अडखळतो. या उत्तरात कुठे अडखळण्याची खूण नव्हती, आणि तिला त्याचीच धास्ती वाटली.

"काय झालं गं?" अंबादास यांनी चष्म्यावरून विचारले.

"काही नाही, पप्पा. नोकरीचं आहे एक."

"व्हायला पायजे बाई," ते म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले. पण पान उलटले नाही. गेले दोन महिने ते असेच करीत. मुलीला काही विचारायचे नाही, आणि पानही उलटायचे नाही.

ते न उलटलेले पान मनालीने पाहिले. डिसेंबर पाहिला. आणि अंगठा करड्या अक्षरांवर ठेवला. उत्तर गेले.

पहिले खोटे यंत्राचे होते. हे तिचे होते.

*

दुसऱ्या दिवशी देवेश आला तो गप्प होता. दुसऱ्या चार थर्मामीटरच्या तारा बाथमध्ये सोडून झाल्या, दोन अंशांवरचे आकडे लिहून झाले, तरी त्याने विनोद केला नाही.

"बरं नाही का?" शेवटी मनालीनेच विचारले. एवढा प्रश्न विचारायला तिला सहा वर्षांची सवय मोडावी लागली होती, हे त्याला कसे कळणार?

"ठीक आहे हो." तो बाथकडे पाहत होता. "त्या बाईंना विचारलं, तुम्ही कुठे बसला होता. म्हणाल्या, तिसऱ्या रांगेत. खिडकीजवळ." तो किंचित हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता. "फार छान लिहिलंय."

"मग... वाईट काय आहे त्यात?"

"काही नाही. खुर्ची चांगली आहे ती."

तिला पुढे विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्याला काही तरी कळले आहे, की आपल्याच मनात चोर आहे म्हणून तसे वाटते? ती वहीतल्या रकान्यांवर नजर खिळवून बसली. बाथ दोन अंशांवरून पाचवर आला, आणि तेवढ्यात तिच्या सरावलेल्या डोळ्यांना काही खटकले. दोन अंशांवर बरोबर असलेल्या सात नंबरच्या थर्मामीटरवर अजून तीन पूर्णांक सातच दिसत होते.

तिने दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहिले. तार हलवून पाहिली. तापमान वाढवून बाथ आठवर नेला. बाथ आठ, आणि सात नंबर म्हणतो सहा पूर्णांक सात.

"हा एक पूर्णांक तीनने कमी दाखवतोय," ती हलकेच म्हणाली.

देवेश उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या फ्रीजवर आठ दिसत असेल तेव्हा आत..."

"सव्वानऊच्या वर."

अशा वेळी ग्राहक काय बोलतात, ते मनालीला तोंडपाठ होते. आधी ॲडजस्ट करा, मग लिहा. जुना आकडा कशाला दाखवायचा? तुमचं काय जातंय? मोठमोठ्या कंपन्यांची माणसे तिच्यापुढे असे हात जोडून उभी राहिली होती. नियम मात्र एकच होता. साधन जसे आले तसे आधी नोंदवायचे, दुरुस्ती नंतर.

"त्या फ्रीजची जबाबदारी कोणाची आहे?" तिने विचारले.

"माझी." त्याने कोरडे ओठ जिभेने ओलावले. "सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदी आता काढाव्या लागतील. साठा बाजूला ठेवावा लागेल. मला वर बोलावतील, फाडून खातील... वाट लागली माझी." आणि मग, तिच्याकडे न पाहता, "लिहा. आहे तसं लिहा."

"नक्की?"

"लस लहान मुलांना देतात हो. लिहा."

तिने लिहिले. एकेक आकडा स्पष्ट अक्षरांत, आणि प्रत्येक आकड्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटत गेली. तो बाल्कनीत जाऊन ऑफिसला फोन करीत होता. काचेतून ऐकू येत नव्हते, पण दिसत होते. पाठ ताठ, मान खाली, आणि मोकळा हात शर्टाचे एकच बटण पुन्हा पुन्हा चाचपणारा. हा माणूस घाबरलेला होता, आणि तरीही खरे बोलत होता. ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, हे मनालीला ठाऊक नव्हते.

तो निघून गेल्यावर सुगंधाने स्टूल ओढून घेतले.

"ऐक. सर्टिफिकेटवर माझं नाव टाकू. तपासणी: सुगंधा. सही मी मारते. कोण बघतंय? तो कागद घेऊन जाईल, तुझं नाव त्याला दिसणार नाही. मग आरामात त्याच्या कंपनीत नोकरी घे. नंतर सांग, की अय्या, तुम्हीच का ते? झकास!"

मनालीने वही छातीशी धरली होती. क्षणभर... फार मोठा क्षणभर, तिला ते पटले. किती सोपे होते! एक नाव पुसायचे आणि दुसरे लिहायचे.

"रीडिंग मी घेतलीत, सुगंधा."

"मग?"

"मग सही तुझी कशी?"

"अगं पण नोकरी जाईल ना हातातली! आणि तो पण जाईल. काय समजतेस, मला दिसत नाही का? रुमाल अजून तुझ्या खिशात आहे."

मनालीने खिशावर हात ठेवला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी अंबादास नेहमीप्रमाणे बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणत होते, आणि मनाली मागे उभी राहून त्यांना साथ देत होती. चौथ्या शीलाशी, खोटे बोलण्यापासून दूर राहीन म्हणतात त्या ओळीशी, तिचा आवाज बंद पडला. वडिलांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी ती ओळ एकट्याने पूर्ण केली.

शेवटचे चार थर्मामीटर दुपारी दोनपर्यंत झाले. अडीच वाजता प्रिंटरमधून प्रमाणपत्रे आली. मनालीने बाराही कागदांवर सह्या केल्या. 'हिवराळे'मधली वेलांटी प्रत्येक कागदावर निराळी आली. मग तिने ते कागद पालथे करून टेबलावर ठेवले आणि त्यांवर हात ठेवून देवेशपुढे उभी राहिली.

"आता तरी नाव कळणार," तो म्हणाला. कालपासूनच्या धावपळीने त्याचे डोळे लाल झाले होते, तरी तो हसत होता. "द्या."

"थांबा. हे वाचायच्या आधी... मला सांगायचंय काही तरी."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुम्हाला ज्या पत्रं लिहितात ना, त्या..." तिने गळ्यातले कार्ड सरळ केले. "त्या मी आहे. मनाली हिवराळे. पत्रं मी लिहिलेली नाहीत, एआयने लिहिलीत. फोटोपण त्यानेच केलाय. मी कुर्ल्याला आले नव्हते. तुमचं व्याख्यान मी ऐकलेलंच नाही. पहिलं खोटं गेलं तेव्हा मला माहीत नव्हतं. पण ती खुर्ची... ती खिडकीजवळची... ती मला माहीत असून पाठवली मी. नोकरी हवी होती म्हणून. आणि मग तुम्ही इथे आलात, आणि मी कार्ड पालथं केलं."

एवढी वाक्ये ती एका दमात आयुष्यात कधी बोलली नव्हती. आतल्या टेबलावर सुगंधाचे वजन ठेवण्याचे आवाज थांबले होते.

देवेशने पालथे कागद उचलले, उलटे केले आणि वरचे नाव वाचले. मग पुन्हा वाचले.

"हॉलमध्ये कुणीच नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्या दिवशी कुर्ल्यात गुडघाभर पाणी होतं. मी तिथलाच, म्हणून चालत पोचलो. आयोजकसुद्धा आला नाही. ऐंशी खुर्च्या, एक माइक, एक मी. 'व्याख्यान उत्साहात पार पडले' ही पोस्ट त्यांनी आधीच लिहून वेळ लावून ठेवली होती, ती बरोब्बर सहाला गेली." तो टेबलाला टेकला. "पहिली पाच मिनिटं मी बोललोसुद्धा. पंख्याकडे बघून."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या पत्रापासून..."

"माहीत होतं."

"मग उत्तर का दिलंत?"

तो टेबलापासून दूर झाला. मग खिशात हात घालून, काहीशा रागानेच म्हणाला, "कारण त्या दिवसाबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं ते एकच पत्र होतं. खोटं होतं, तरी एकच होतं. मला वाटलं, खोदून विचारलं तर ती बाई कबूल तरी करेल. करून टाकावं ना माणसाने! तर ती म्हणाली, तिसरी रांग." त्याने तिच्याकडे पाहिले. "आणि मी इथे बसून तुम्हालाच तिच्याबद्दल सांगत होतो. तीन दिवस. गंमत वाटली असेल ना?"

"नाही. भीती वाटली." तिचे डोळे भरून आले, पण तिने नजर वळवली नाही. "पहिल्या दिवसापासून फक्त भीतीच वाटली. आधी नोकरीची. मग... मग तुम्ही उठून जाल, याची."

बाथचा पंप घरघरत होता. देवेशने प्रमाणपत्रे एकावर एक सारखी केली आणि खोक्यात ठेवली. खोका बंद केला. मनालीने मनाशी खूणगाठ बांधली, आता हा जाणार.

"शिफारस मी करणार नाही," तो म्हणाला.

"बरोबर आहे." तिचा आवाज फुटला.

"ऐका तरी! जाहिरात सोमवारी येतेय, तुम्ही सरळ अर्ज करा. बाकीच्यांसारखा. निवडीत मी नसेन, तसं आजच लिहून देतो. पंधरा-वीस अर्ज येतील. मिळेलही, कदाचित नाहीही मिळणार." त्याचे कान लाल झाले होते. "पण शिफारस केली, तर मग मला तुम्हाला... चहाला बोलावता येणार नाही ना. उद्या मलाच कळायचं नाही, मी चिठ्ठी कशासाठी दिली. तुम्हालाही कळायचं नाही, तुम्ही चहाला कशासाठी आलात."

मनालीने ओल्या चष्म्याआडून त्याच्याकडे पाहिले. "आणि मी म्हटलं, मला शिफारसच हवी?"

"तर आत्ता लिहून देतो. तुम्ही काम काय करता ते मी तीन दिवस बघितलंय, त्यात खोटं एक अक्षर नसेल. पण मग कामाशिवाय बोलणार नाही कधी. तुमचं तुम्ही ठरवा. मी रागावणार नाही." आणि क्षणभर थांबून, "म्हणजे... प्रयत्न करेन."

आतून सुगंधाला राहवले नाही. "शिफारस घे गं, बावळट! चहा काय, कोपऱ्यावर मिळतो!"

"तू गप गं!" मनाली ओरडली. या खोलीत ती पहिल्यांदाच ओरडली होती. मेस्त्री दचकून दारात आले, दोघांकडे पाहिले, आणि "माझा चष्मा खंय गेलो" असे पुटपुटत परत वळले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

तिच्यापुढे नाहूरचे घर उभे राहिले. न उलटलेले पान. पंधरा-वीस अर्जांतला तिचा एक, कुणाच्या शब्दाविना, चष्म्यासकटच्या फोटोचा. एक चिठ्ठी, आणि यातले सगळे मिटले असते.

"भीती वाटतेय मला," ती म्हणाली.

"कशाची?"

"दोन्हींची."

"मलापण," तो म्हणाला. "आमच्या साहेबांची वाटते त्याहून जास्त."

मनालीने ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. ती पटकन सुटेना, म्हणून डोक्यावरूनच काढून टाकली. केस विस्कटले, चष्मा वाकडा झाला. तो तिने सरळ केला नाही.

"सुगंधा, बाथ बंद कर. मी खाली चहा पिऊन येते."

जिन्यात ऊन आडवे पडले होते. पाचव्या पायरीवर देवेश खोका सांभाळत थांबला आणि मागे वळला. "नक्की ना?"

"नाही," मनाली म्हणाली. "पण चला."